करार दिल्लीत, कंटेनर सावद्यात: देशादेशांतले व्यापारमार्ग आणि आपला खान्देश

तापीतीर

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप आर्थिक कॉरिडॉरची घोषणा झाली. भारत, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती, फ्रान्स, जर्मनी, इटली आणि युरोपीय संघ यांनी त्यावर सह्या केल्या. बेत असा होता: आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून माल जहाजाने अमिरातीत, तिथून रेल्वेने सौदी आणि जॉर्डनमार्गे इस्रायलच्या हैफा बंदरात, आणि पुन्हा जहाजाने युरोपात. महिना उलटायच्या आत गाझाचं युद्ध पेटलं आणि हैफाकडचा तुकडा जिथल्या तिथे थांबला. पण आखातापर्यंतचा पहिला भाग आजही वापरात आहे, आणि खान्देशाचा संबंध त्याच भागाशी आहे.

टीव्हीवर हा विषय निघाला की चर्चा अमेरिका-चीनवर जाते. मला तो जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल-सावद्याच्या केळीच्या बांधावरून मांडायचा आहे. करार झाला की माल आपोआप जायला लागतो असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. करार दार उघडतो एवढंच. त्या दारातून कुणाचा माल आत जाणार, हे शेतापासून बंदरापर्यंतच्या पहिल्या साडेचारशे-पाचशे किलोमीटरवर ठरतं, आणि आपल्या भागात नेमकं तिथेच घोडं अडलंय.

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा केंद्राने त्याची जाहीर दखल घेतली. केळी पिकवण्यात भारत जगात पहिला आहे. निर्यातीत मात्र आपला वाटा अगदी किरकोळ, तिथे इक्वेडोर पहिला. आणि महाराष्ट्रातसुद्धा निर्यातीत सोलापूरचा करमाळा-माढ्याचा पट्टा आपल्या पुढे निघून गेला. जमीन आपली काळी कसदार, पाणी तापीचं, केळीचा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा, तरी हे का झालं?

ज्यांनी निर्यातीची काढणी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. घड कापायला दोन माणसं लागतात. एक कापतो, दुसरा खांद्यावरच्या गादीवर झेलतो. जमिनीला टेकला की तो घड निर्यातीतून बाद. पॅकहाऊसमध्ये, म्हणजे माल धुऊन भरायच्या शेडमध्ये, फण्या सोडवल्या की कापलेल्या जागेतून चीक गळतो. तो सालीवर वाळला की काळा डाग पडतो, म्हणून फण्या तुरटीच्या पाण्यात सोडतात. मग बुरशीनाशक, वजन, साधारण १३ किलोचा बॉक्स, आणि प्री-कूलिंगच्या खोलीत गराचं तापमान १३ ते १४ अंशांवर आणायचं. त्याखाली गेलं तर साल काळपट पडते, वर राहिलं तर माल वाटेतच पिकायला लागतो. बाहेर मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेतकरी गटाच्या एका रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरचा जनरेटर मालेगावच्या पुढे बंद पडला. ड्रायव्हरला कळलं तेव्हा बराच वेळ गेला होता. बंदरावर दार उघडलं तर मागच्या रांगांना रंग चढायला लागलेला. सगळा माल परत फिरवून वाशीला मिळेल त्या भावाने विकला. गाडीवाल्याने हात वर केले, विम्याच्या कागदात हे बसत नव्हतं. त्यात सहा शेतकऱ्यांचा मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेली केळी, होती.

रीफर आमच्याकडे न्हावा-शेव्याहून (मुंबईजवळचं जवाहरलाल नेहरू बंदर) रिकामा वर येतो आणि भरून खाली जातो. दोन्ही बाजूंचं भाडं केळीच्या बॉक्सवर बसतं. अमिरातीशी मुक्त व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे, कॅनडाने एप्रिल २०२२ मध्ये आपल्या केळीला प्रवेश दिला. दारं उघडत चाललीत. पण त्यांपर्यंत थंड राहून पोचायचं कसं? रेल्वे, ट्रान्सपोर्ट, बंदर, आखात यांची माहिती असणारे इथे बरेच आहेत. मोकळेपणाने लिहा.

धुळेकर ट्रान्सपोर्ट

तापीतीर भाऊ, गाडीवाल्यांच्या बाजूने आधी लिहितो. हात वर करणं चुकीचंच. पण रीफरचा जनरेटर ही वेगळी जोखीम आहे. तो ट्रेलरच्या इंजिनपासून स्वतंत्र चालतो, त्याचं डिझेल वेगळं, त्याचा मेकॅनिक वेगळा. धुळ्यात दहा चाकी गाडीचं कुठलंही काम रात्री दोन वाजता होतं. रीफर युनिट दुरुस्त करणारा माणूस शोधायला मात्र नाशिक नाहीतर भिवंडीला फोन लावावा लागतो.

दुसरं म्हणजे बॉक्सच्या थप्पीत तापमानाची नोंद ठेवणारं यंत्र टाकत जा. आता मोबाइलवर इशारा देणारी यंत्रं मिळतात. कंटेनरच्या बाहेरचा आकडा हवेचा असतो, केळीच्या गराचा नसतो. भांडण झालं तर तीच नोंद कामी येते.

आता मार्गाचं. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, सोलापूरचा तिसरा इथूनच सुटतो. नकाशावर बघितलं तर धुळ्याहून सुरतजवळचं हजिरा बंदर न्हावा-शेव्यापेक्षा जवळ वाटतं आणि कसाऱ्याचा घाट लागत नाही. तरी आमच्या बहुतेक गाड्या न्हावा-शेव्यालाच जातात, कारण माल रस्त्याच्या अंतरावर चालत नाही, जहाजांच्या फेऱ्यांवर चालतो. न्हावा-शेव्याहून आखाताला इतक्या कंपन्यांची जहाजं सुटतात की एक चुकलं तर दुसरं मिळतं. लहान बंदरात जहाज चुकलं तर रीफर बंदरातल्या विजेच्या प्लगवर पडून राहतो आणि त्याचं मीटर तासागणिक फिरतं. केळीला ते परवडत नाही.

अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असा तुमच्या दारावरून जातो. तो नीट चौपदरी झाला तर चित्र बदलेल. सध्या त्या रस्त्यावर रीफर घालायला ड्रायव्हर तयार होत नाहीत.

साक्रीचा पोऱ्या

तापीतीर भाऊ, आमना कापूसनं बी काही लिखा ना.

भुसावळ यार्ड

रेल्वेत नोकरी केली, निवृत्तीनंतर भुसावळलाच आहे. मालगाड्यांचं कामकाज जवळून पाहिलंय म्हणून लिहितो.

दोन देशांनी मिळून पायाभूत सुविधा उभारणं म्हणजे काय याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे पश्चिम समर्पित मालवाहू मार्ग. दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर, १५०६ किलोमीटर. कर्ज जपानच्या जायका संस्थेचं, नाममात्र व्याजाचं आणि लांब मुदतीचं. अट अशी की खरेदीचा ठरावीक हिस्सा जपानी कंपन्यांकडून घ्यायचा. रेवाडी-वडोदरा भागातला रूळ जपानच्या सोजित्झ आणि आपल्या एल अँड टी यांनी मिळून टाकला. या मार्गावर विजेच्या तारा इतक्या उंच ठेवल्यात की खाली एकावर एक दोन कंटेनर रचलेली गाडी विजेवरच धावते. जपानला काम मिळालं, आपल्याला मार्ग मिळाला. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत, दोघांनीही हिशेब करून केलेला व्यवहार आहे आणि तसाच तो असावा.

हा मार्ग आपल्या भागातून जात नाही, सुरतजवळून जातो. म्हणून लोक म्हणतात की खान्देशाला त्याचा काय उपयोग. मला इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. जळगाव-उधना म्हणजे आपली जुनी तापी व्हॅली लाईन. ती आता दुहेरी झाली, विद्युतीकरण झालं. जळगावहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करत ती सुरतेला उतरते, जवळपास मालवाहू मार्गाच्या दारात. आणि या वाटेवर थळ घाट, म्हणजे कसाऱ्याचा घाट, नाही. नाशिकमार्गे मुंबईला जाणाऱ्या लाईनवर कसाऱ्याला १ ला ३७ असा चढ आहे. त्या घाटासाठी गाड्यांना जादा इंजिनं लागतात, वेळ जातो, आणि प्रवासी गाड्यांच्या गर्दीत मालगाडी तासन् तास बाजूला उभी राहते.

आता वाढवण बंदराचा विचार करा. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी, नऊ कंटेनर टर्मिनल. मंजुरीच्या वेळीच सरकारने सांगितलं की भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉर डोळ्यासमोर ठेवून हे बंदर बांधलं जाईल. ते पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ आहे, म्हणजे मुंबईच्या उत्तरेला, सुरतेकडच्या बाजूला. सावद्याचा माल मनमाड-कसारामार्गे खाली नेण्यापेक्षा तापीच्या कडेने सुरतेला आणि तिथून सरळ वाढवणला नेणं सोयीचं पडेल. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या जाळ्यात शिरायचीच गरज नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथी लाईन, १६० किलोमीटर, आणि भुसावळ-खंडवा तिसरी व चौथी लाईन, १३१ किलोमीटर, अशा दोन्हींना मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये मनमाड-इंदूर नवीन मार्ग मंजूर झाला, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी, धुळे-शिरपूरवरून. पुढच्या दहा वर्षांत आपल्या भोवती एवढे रूळ पडणार आहेत. ते पडताना सावद्यात किंवा भुसावळला रीफर प्लग असलेलं कंटेनर यार्ड मागितलं नाही, तर नंतर पंचवीस वर्षं कुणी विचारणार नाही.

तापीतीर

यार्ड काका, हे वाचून नकाशा उघडून बसलो. सावदा, रावेर, निंभोऱ्याहून दिल्लीला केळीचे रॅक, म्हणजे पूर्ण मालगाड्या, वर्षानुवर्षं जातात. मग बंदरासाठी रीफर रॅक का शक्य नाही?

भुसावळ यार्ड

शक्य आहे, पण हिशेब बघा. कंटेनरच्या पूर्ण रॅकमध्ये ४५ वॅगन, म्हणजे चाळीस फुटी ४५ कंटेनर. एका रीफरमध्ये साधारण २० टन केळी धरली तर ९०० टन निर्यातीच्या दर्जाचा माल एकाच दिवशी तयार हवा. दिल्लीचा रॅक भरतो कारण तिथे घडच्या घड चालतात, प्रतवारी सैल असते. निर्यातीचा माल प्री-कूलिंग होऊन, कागदपत्रं होऊन, एका वेळी इतका जमा करायला तुमच्याकडे तेवढ्या थंड खोल्या आहेत का?

म्हणून सुरुवात मिश्र गाडीने करावी. दहा-बारा रीफर, बाकी साधे कंटेनर: कापसाच्या गाठी, सूत, पीव्हीसी पाइप, चटया, डाळ. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून एवढा माल बाहेर जातोच. रीफरना वीज द्यायला जनरेटरचा एक डबा जोडता येतो. त्यामुळे एकट्या केळीवर रॅक भरायचा भार पडत नाही. हे जुळवायला केळीवाले, गाठीवाले, पाइपवाले एका टेबलावर बसले पाहिजेत. आपल्याकडे तेच कधी झालं नाही.

अमळनेरची लेक

साक्रीच्या दादांनी विचारलं म्हणून कापसाचं मी लिहिते. आमच्या घरात तीन पिढ्या कापूस आहे, आजोबा अमळनेरच्या प्रताप कापड मिलमध्ये होते.

केळीवाल्यांना व्यापार म्हणजे संधी वाटते. कापूसवाल्याला त्याची दुसरी बाजू आधी दिसते. २०२५ चा ऑगस्ट आठवा. अमेरिकेने २७ तारखेपासून भारतीय मालावरचं शुल्क एकूण ५० टक्क्यांवर नेलं. कपडे आणि टॉवेल-चादरींच्या ऑर्डरी थांबल्या. सूतगिरण्यांना दिलासा हवा म्हणून केंद्राने १९ ऑगस्टपासूनच कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत. आपल्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे होते. म्हणजे आपला कापूस घरात यायला आणि बाहेरचा कापूस विनाशुल्क बंदरात उतरायला एकच गाठ पडली. हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये होता. खेडा खरेदीत व्यापारी काय भावाने काटा लावत होता ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

वॉशिंग्टनमध्ये शुल्क वाढलं, दिल्लीत शुल्क उतरलं, आणि दोन्ही वेळा किंमत धरणगाव-पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याने मोजली. गिरण्यांची अडचण खरी होती हे मी नाकारत नाही. पण शुल्क उठवताना वेचणीचा हंगाम कुणी बघितलाच नाही, यावर माझा राग आहे आणि तो राहणार.

हे आजचं नाही. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोचली. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये मुंबईचा बाजार कोसळला. दूरच्या देशातल्या घडामोडीने आपल्या गावात दिवाळी आणि शिमगा होण्याची गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. म्हणून रस्ते-रेल्वे-बंदरांबरोबर शेतकऱ्याच्या हंगामाचं कॅलेंडर करारांच्या टेबलावर जायला हवं.

साक्रीचा पोऱ्या

ताई, एकदम बराबर. +१

डाळवाला जळगाव

या धाग्यावर आयातीची बाजू कुणीतरी मांडायला हवी, ती मी मांडतो. शेतकरी बांधवांना ती आवडणार नाही, तरी.

जळगावच्या डाळ मिल फक्त खान्देश-विदर्भाच्या तुरीवर बारा महिने चालू शकत नाहीत. देशात तूर कमी पडते, म्हणून सरकारने परदेशांशी सरळ करार केले. २०१६ मध्ये मोझांबिकशी पाच वर्षांचा करार झाला, एक लाख टनांपासून सुरू करून दोन लाख टनांपर्यंत. २०२१ मध्ये तो पुढे वाढवला. त्याच वर्षी मलावीशी दरवर्षी ५० हजार टन तुरीचा आणि म्यानमारशी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तुरीचा करार झाला.

आता पायाभूत सुविधांचा धागा बघा कसा जुळतो. मलावीला समुद्र नाही. तिथला माल बाहेर पडायचा एक मार्ग म्हणजे मोझांबिकच्या नाकाला बंदरापर्यंतची रेल्वे. ही सुमारे ९०० किलोमीटरची लाईन ब्राझीलच्या वाले कंपनीने मोझांबिकमधल्याच मोआतीझेच्या खाणीतला कोळसा समुद्राला नेण्यासाठी उभी केली, पुढे जपानच्या मित्सुईने त्यात पैसा घातला. कोळशासाठी केलेल्या लाईनमुळे त्या सगळ्या पट्ट्यातल्या शेतमालालाही समुद्राची वाट मिळाली. एका देशाची गुंतवणूक, दुसऱ्याची खाण, तिसऱ्याचा शेतकरी, आणि डाळ शिजते आपल्या घरात. २०२३ च्या शेवटी नाकाला बंदरात तुरीच्या मालावरून वाद झाला आणि कंटेनर अडकून पडले, तेव्हा जळगावात आमचे पट्टे थांबायची वेळ आली होती.

तापीतीर

डाळवाला शेठ, माहिती मोलाची. पण मोझांबिकच्या शेतकऱ्याला दोन सरकारांनी मिळून टनांत हमी दिली, आणि आमच्या तुरीला २०२५-२६ चा क्विंटलमागे ८,००० चा हमीभाव असताना बाजारात त्याखाली विकावी लागली. आयात नको असं मी म्हणत नाही, तुम्हाला माल लागतो हे समजतं. पण आमची तूर बाजारात येते त्या जानेवारी ते मार्चमध्ये बाहेरची जहाजं लावू नका, एवढं तर करता येईल? मोझांबिकची काढणी आपल्यानंतर, साधारण ऑगस्टच्या सुमारास असते. दोन्ही हंगाम एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. आयातीचं दार वर्षभर सताड उघडं ठेवलं की आमच्या हंगामावर साठ्याचं सावट पडतं.

डाळवाला जळगाव

हंगामानुसार शुल्क ठरवावं, याला माझा पाठिंबा आहे. आम्हालासुद्धा दर तीन महिन्यांनी बदलणारी अधिसूचना नको असते. पिवळ्या वाटाण्याचंच बघा. डिसेंबर २०२३ पासून तो विनाशुल्क येत राहिला, मुदती वाढत गेल्या, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के शुल्क लागलं. कुणी आधीच सौदा केलेला असतो, जहाज समुद्रात असतं. वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर करा, मग मिलवाला आणि शेतकरी दोघेही आपापली तयारी ठेवतील.

पारोळा ते दुबई

मी मूळचा पारोळ्याचा, इथे दुबईत फळांच्या शीतगृहात काम करतो. अल अवीरच्या बाजारात रोज केळी बघतो, म्हणून ग्राहकाच्या टोकाची गोष्ट सांगतो.

इथे फिलिपिन्सची, इक्वेडोरची आणि आपली केळी शेजारी शेजारी लागलेली असते. चवीला आपली कुठेच कमी नाही. घेणारा मात्र बॉक्स उघडून आधी तीन गोष्टी बघतो: सगळ्या फण्या एका लांबीच्या आहेत का, सालीवर चिकाचे डाग आहेत का, आणि बॉक्सचे कोपरे दबलेत का. आपले काही बॉक्स ओलाव्याने मऊ पडून खालच्या थरात चेपतात. जळगावची केळी म्हणून छापलेलं असतं, त्यामुळे एकाचा बॉक्स दबला की नाव सगळ्यांचं जातं. दर्जा सलग तीन-चार महिने सारखा ठेवणारा पुरवठादार इथल्या दुकानसाखळ्यांना हवा असतो. कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) आणि मृगबाग दोन्ही मिळून वर्षातला बराच काळ भरता येईल, फक्त नियोजन एकत्र हवं.

कॉरिडॉरबद्दल. अमिरातीने आपल्या वाट्याची रेल्वे बांधली आहे. सौदीच्या सीमेवरच्या घुवैफातपासून फुजैरापर्यंत सुमारे ९०० किलोमीटर, मालगाड्या फेब्रुवारी २०२३ पासून धावतात. फुजैराचं महत्त्व नकाशात बघा. दुबईचं जेबेल अली बंदर होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे, फुजैरा बाहेर. आखातात तणाव वाढला की जहाजाचा विमा वाढतो, आणि होर्मुझच्या बाहेरच माल उतरवून रेल्वेने आत नेता आला तर केळीसारख्या मालाला फार मोठा आधार आहे.

आणि एक गोष्ट लोक विसरतात: कागद. माल जेबेल अलीला चार-पाच दिवसांत पोचतो, पण कीडमुक्ततेच्या किंवा उत्पत्तीच्या दाखल्यात एक आकडा चुकला की तेवढेच दिवस बंदरात जातात. दोन्ही देशांनी कस्टमची कागदपत्रं एकमेकांच्या संगणकावर दिसावीत यासाठी काम सुरू केलं आहे. मला विचाराल तर लहान निर्यातदाराला नव्या पुलापेक्षा याचा फायदा लवकर होईल.

नंदनगरी

यार्ड काकांनी तापीच्या वाटेचं लिहिलं, त्यात भर घालायची आहे. मी नंदुरबारला इतिहास शिकवतो.

सुरत ते बऱ्हाणपूर हा मुघल काळातला हिंदुस्थानातला एक मोठा व्यापारी रस्ता होता. सुरत बंदर, वरती नवापूर, नंदुरबार, मग तापीचं खोरं धरून बऱ्हाणपूर आणि पुढे आग्रा. इंग्रजांचा राजदूत टॉमस रो १६१५ मध्ये याच वाटेने बऱ्हाणपूरला पोचला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये इथून गेला, त्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची तारीफ लिहून ठेवली आहे, आणि नवापूरचा तांदूळ आजही नावाजलेला आहे. बऱ्हाणपूरचं कापड या वाटेने सुरतेला आणि तिथून इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. खान्देशाचं तोंड तेव्हा समुद्राकडे, सुरतेकडे होतं. रेल्वे कसाऱ्यावरून आली आणि सगळा ओढा मुंबईकडे गेला. वाढवण झालं तर ती जुनी दिशा पुन्हा जिवंत होऊ शकते.

पण एक बाजू सोडून चालणार नाही. वाढवणला मच्छीमारांचा विरोध तीन दशकांचा आहे, डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. आमच्या सातपुड्यात धरणांनी उठवलेली गावं आम्ही पाहिली आहेत. केळीचा बॉक्स थंड राहावा म्हणून दुसऱ्याची होडी किनाऱ्याला लागू नये, असा विकास मला मान्य नाही. पुनर्वसन आधी, काँक्रीट नंतर. ही मागणी खान्देशातल्या शेतकऱ्याने स्वतःची मागणी म्हणून मांडली तर तिला जास्त वजन येईल.

तापीतीर

नंदनगरी सर, पूर्ण सहमत. हतनूर धरणाच्या बुडितातली माणसं आमच्याही तालुक्यात आहेत.

रशियाचं एक उदाहरण इथे नोंदवतो, कारण सगळी चर्चा त्यात एकत्र येते. रशियाची बहुतेक केळी इक्वेडोरहून येते. २०२४ च्या सुरुवातीला इक्वेडोरने आपली जुनी सोव्हिएत शस्त्रं अमेरिकेला द्यायचं ठरवलं. रशिया चिडला, तिकडच्या केळीत कीड सापडल्याचं सांगून काही कंपन्यांवर बंदी घातली, आणि भारताकडून केळी घ्यायला सुरुवात केली. इक्वेडोरने शस्त्रांचा विचार सोडला, बंदी उठली. काही आठवड्यांचा खेळ. त्या काही आठवड्यांत ज्यांच्याकडे थंड खोल्या, तयार बॉक्स आणि जहाजावर जागा होती त्यांचा माल गेला. आपल्याकडे घड झाडावर होते आणि भाव बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातल्या बोलीवर ठरत होता.

रशियाला जायचा जवळचा मार्ग म्हणजे इराणमधून जाणारा उत्तर-दक्षिण वाहतूक मार्ग, ७,२०० किलोमीटर, करार सप्टेंबर २००० चा. त्यातला इराणमधला रश्त ते अस्तारा हा १६२ किलोमीटरचा रेल्वेचा तुकडा बांधायचा करार रशिया-इराणमध्ये व्हायला मे २०२३ उजाडला. साखळीतली एक कडी नसली की तेवीस वर्षं जातात. आपली नसलेली कडी सावद्यात आहे.

धुळेकर ट्रान्सपोर्ट

इराणचं नाव निघालं म्हणून सावध करतो. इराणच्या बंदर अब्बासला आपली केळी भरपूर जाते, भावही बरा मिळतो, पण पैसे अडकतात. पूर्वी इराणकडून तेल घेतलं जायचं, त्याचे रुपये इथल्या बँकेत जमा व्हायचे आणि त्यातून निर्यातदारांचे पैसे चुकते व्हायचे. २०१९ मध्ये निर्बंधांमुळे तेल बंद झालं आणि तो रुपयांचा हौद आटला. नव्या निर्यातदाराने आगाऊ रक्कम हातात आल्याशिवाय तिकडे माल सोडू नये.

अमळनेरची लेक

यार्ड काका, मिश्र गाडीत कापसाच्या गाठी आणि सूत घालायचं तुम्ही म्हणालात. अमळनेर-धरणगाव-चोपड्याच्या जिनिंगवाल्यांशी मी बोलू शकते. त्यांना महिन्याला किती कंटेनर लागतात, कुठल्या महिन्यात, हे लिहून घेऊन इथे टाकते. दिवाळी ते मार्च गाठींचा जोर असतो आणि त्याच काळात निर्यातीच्या केळीला थंडीमुळे सालीचा त्रास होतो, माल कमी असतो. मग उन्हाळ्यात केळी वाढते तेव्हा गाठी कमी. म्हणजे एकमेकांची उणीव भरून निघेल असं दिसतंय.

भुसावळ यार्ड

ताई, हे आकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं. रेल्वे विभागाकडे नुसतं "गाडी द्या" म्हणून गेलो तर अर्ज फाइलला लागतो. महिनावार कंटेनरची संख्या, माल चढवायचं स्टेशन आणि किमान भरणीची लेखी हमी घेऊन गेलो तर अधिकाऱ्याला पुढे काही करता येतं. डाळवाला शेठ, तुमच्या असोसिएशनचे परतीच्या मालाचे आकडेसुद्धा द्या. आफ्रिकेची तूर कंटेनरमधूनच भुसावळपर्यंत आली तर वर येणारी गाडी रिकामी राहणार नाही. रीफर बंद ठेवून त्यात कोरडा माल भरून वर आणण्याची पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे, त्याचीही चौकशी करू.

डाळवाला जळगाव

सध्या आमचा माल न्हावा-शेव्यालाच कंटेनरमधून उतरवून ट्रकने येतो. कंटेनर थेट भुसावळला आला तर एकदाची हमाली वाचेल, पोती फाटायचं प्रमाण घटेल. सभासदांना विचारून महिनावार आकडे देतो. रीफरमध्ये तूर भरायला आधी आतला ओलावा तपासावा लागेल, तो जास्त निघाला तर मी हो म्हणणार नाही.

पारोळा ते दुबई

तापीतीर भाऊ, इथल्या खरेदीदारांची बॉक्सच्या पुठ्ठ्याची आणि फणीच्या लांबीची मापं मी व्यक्तिगत निरोपात पाठवली आहेत. पुठ्ठा पाच पदरी घ्या, तीन पदरी नको.

तापीतीर

मिळाली, आभारी आहे. गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवतो. केळीचे महिनावार आकडे रावेर, यावल, मुक्ताईनगर आणि चोपडा असे तालुक्यागणिक वेगळे काढतोय. पॅकहाऊस असलेल्यांनी आपली प्री-कूलिंगची क्षमता टनांत कळवावी, अंदाज नको, खोलीच्या पाटीवरचा आकडा द्या.